धारूरचा पाऊस वडवणीत

डेटा पाहिजे? घ्या की. सगळा ऑनलाइन आहे, सगळा खुला आहे, सगळा पारदर्शक आहे. इतका पारदर्शक, की हात घातला तर हाताला काहीच लागत नाही.

बीड जिल्ह्यात कुठल्या महसूल मंडळात किती पाऊस झाला, हे कृषी विभागाच्या ‘महारेन’वर दिसतं. दिसतं म्हणजे डोळ्यांना दिसतं. चार वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडून काही विचारायचं म्हटलं, की तक्ते एकेक करून उतरवून घ्या. काही कार्यालयांतून माहिती मागवली तर कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो येतो, पीडीएफच्या वेशात. त्यात अर्धा आकडा शिक्क्याखाली, उरलेला अंगठ्याखाली.

म्हणून ज्या दिवशी एखादी एक्सएमएल फाइल हाती पडते, त्या दिवशी पेढे वाटावेसे वाटतात. एक्सएमएल म्हणजे खुणा करून ठेवलेला मजकूर. हा तालुका, हे त्याचं नाव, हा त्याचा पाऊस, आणि प्रत्येक गोष्टीच्या आधी-नंतर टॅग. १० फेब्रुवारी १९९८ रोजी हे जगाचं अधिकृत मानक झालं. ही फाइल आपल्या गावची नाही असं समजू नका. मोंढ्यातल्या आडत दुकानाच्या टॅलीतून हिशेब बाहेर निघतो तो एक्सएमएलमध्ये. आधारची ऑफलाइन केवायसी उतरवली तर झिपच्या आत एक्सएमएल. वीज पडण्याचा इशारा ‘सचेत’वरून मोबाइलवर येतो, त्याचा साचाही एक्सएमएलचाच. आणि तुमच्या अर्जाची ती वर्ड फाइल? तिच्या नावाचं शेपूट बदलून झिप करा आणि उघडा. आत एक्सएमएलचा ढीग सापडेल. २००७च्या वर्डपासून हे असंच आहे.

हा ढीग उपसायला आर नावाची भाषा आहे. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी १९९०च्या दशकात ती बांधली आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर तिला दिलं. दोघांचं अक्षर एकच निघालं म्हणून बरं. आपल्याकडे त्या एका अक्षराचे दोन गट झाले असते आणि नामकरणाची समिती अजून बसलेली असती. आर फुकट मिळते. एक्सएमएलसाठी तिच्यात आधी डंकन टेंपल लँग यांचं पॅकेज, म्हणजे तयार आज्ञांचा संच, होतं. २०१५ साली हॅडली विकम यांचं ‘एक्सएमएल-टू’ आलं आणि बहुतेक मंडळी तिकडे गेली. मराठवाड्यात पॅकेज म्हटलं की माणूस आधी घोषणेची तारीख विचारतो आणि मग हसतो. हे पॅकेज एका आज्ञेत येतं आणि पूर्ण येतं.

आता कामाला लागू. बीड जिल्ह्यात ११ तालुके. गेवराई, माजलगाव, बीड, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार. समजा एका फाइलमध्ये याच क्रमानं अकरा नोड, म्हणजे टॅगमध्ये बांधलेल्या नोंदी, आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात दोन गोष्टी, नाव आणि पाऊस. फक्त वडवणीचं पर्जन्यमापक त्या दिवशी बंद होतं. तिथं पावसाचा टॅगच नाही. शून्यही नाही, रिकामी जागाही नाही, काहीच नाही.

अंबाजोगाईचा एक संख्याशास्त्राचा पोरगा हे काम घेऊन बसला. पोरगा हुशार. त्यानं आरला सांगितलं, सगळी नावं काढ. फाइंड-ऑल. आली अकरा. मग सांगितलं, सगळे पाऊस काढ. परत फाइंड-ऑल. आले दहा. मग दोन्ही रांगा शेजारी चिकटवल्या.

“काका, चाललं की!”

“काय चाललं?”

“कोड.”

“आणि पाऊस?”

पाऊसही चालला होता. वरच्या बाजूला सरकत चालला होता. धारूरचा पाऊस वडवणीत गेला, केजचा धारूरला, अंबाजोगाईचा केजला, परळीचा अंबाजोगाईला, पाटोद्याचा परळीत, आष्टीचा पाटोद्यात, शिरूरचा आष्टीत. खाली शिरूर कासार रिकामं राहिलं. आर या भाषेला रिकामी जागा बघवत नाही. दोन रांगा चिकटवताना आखूड रांग संपली, की ती परत पहिल्यापासून सुरू करते. म्हणून शिरूरला मिळाला गेवराईचा पाऊस. बालाघाटाच्या डोंगरातल्या तालुक्यावर गोदाकाठचं पाणी. जे पन्नास वर्षांत कुठल्या योजनेला जमलं नाही, ते आरनं एका ओळीत करून दाखवलं.

हिशेब करा. अकरांपैकी फक्त गेवराई, माजलगाव आणि बीड बरोबर. बाकी आठ चूक. आणि चुकलं ते एकच यंत्र, वडवणीचं.

एरर आली? नाही. एक इशारा आला, लांबी जुळत नाही म्हणून. पण इशारा वाचायची आपल्याला सवय कुठे आहे? पुलावरून पाणी वाहत असतानाही फलक बघून मोटारसायकल घालणारी आपण माणसं. तेच दोन रकाने जर रीतसर ‘डेटा-फ्रेम’ करून मागितले असते, तर आर तिथंच अडून बसली असती. एकीकडे अकरा, एकीकडे दहा, मी तक्ता करणार नाही. म्हणजे कडक दार शेजारीच होतं. पोरगा उघड्या दारातून गेला.

“पण काका, दहा मिळाले ना? एकच तर गेला.”

या एकाची किंमत बीडच्या शेतकऱ्याला विचारा. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, आणि अतिवृष्टी म्हणजे पंचनामे. आता समजा त्या दिवशी धारूरला ७० पडला आणि केजला ४०. (खरं तर हे मंडळनिहाय ठरतं. मी सोयीसाठी तालुका धरलाय.) सरकलेल्या तक्त्यात वडवणीला ७० दिसतो. तिथं पाऊस झाला की नाही हे कुणालाच माहीत नाही, पण कागदावर अतिवृष्टी. आणि धारूरचा शेतकरी गुडघाभर पाण्यात उभा राहून वाचतो, की त्याच्याकडे ४० पडला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात, ते हेच.

पीकविम्याचंही तेच. २०२३चा ऑगस्ट आठवा. देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. त्या खरिपात बीडमध्ये ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच आकडा होता, २१. पावसात सलग २१ दिवसांचा खंड पडला तर विम्याची २५ टक्के अग्रिम, असा तेव्हा नियम होता. हवामान खात्याच्या हिशेबात अडीच मिलिमीटर पडला की तो पावसाचा दिवस. आता मधल्या एका दिवसाची नोंदच नाही. ती शून्य धरली तर खंड सलग. शेजारच्या मंडळाचा आकडा सरकून तिथं बसला आणि तो तीन मिलिमीटर निघाला, तर खंड तुटला. ढगानं काहीच केलं नाही, सगळं रकान्यानं केलं.

आणि हा तोच जिल्हा, जिथं विमा कंपन्या पुढे येईनात म्हणून २०२०मध्ये वेगळा करार करावा लागला. तो पुढे ‘बीड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजला. ८०-११० असं त्याचं सूत्र. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार सरकारचा. भरपाई कमी झाली तर कंपनीनं २० टक्के ठेवायचे, बाकी सरकारला परत. नफ्यातोट्याच्या दोन्ही टोकांना कुंपण घालणारे लोक आकड्यांच्या रकान्याला मात्र कुंपण घालत नाहीत.

यावर उपाय आहे आणि तो लाजिरवाणा वाटावा इतका सोपा आहे. आधी पाऊस शोधू नका, आधी तालुके शोधा. अकरा नोड हातात घ्या. मग त्या प्रत्येकाला वेगळं विचारा, तुझ्या पोटात पाऊस आहे का? त्यासाठी फाइंड-फर्स्ट. फाइंड-ऑल म्हणजे ‘हजर’ ओरडलेल्यांचीच नावं लिहून घेणारा मास्तर. फाइंड-फर्स्ट गैरहजर पोराच्या नावापुढेही खूण करतो. वडवणीपुढे ती खूण ‘एनए’ अशी येते. अकराला अकरा.

पोरानं तेही केलं. आता अकराच्या अकरा तालुक्यांना गेवराईचा पाऊस.

कारण शोधताना त्यानं दोन तिरप्या रेघा दिल्या आणि त्यांच्या आधी टिंब द्यायचं विसरला. एक्सपाथ नावाची पत्ता सांगण्याची जी भाषा आहे, तिच्यात दोन तिरप्या रेघा म्हणजे फाइलच्या मुळापासून शोध. टिंब दिलं तर ‘मी उभा आहे तिथून’. टिंब नसेल तर तुम्ही आष्टीच्या दारात उभे राहून विचारलं तरी उत्तर मुळापासून येतं, आणि मुळापासून पहिला भेटतो तो गेवराईचा पाऊस. एररही नाही, इशाराही नाही. आष्टीत बसून आष्टीचं विचारावं आणि उत्तर जिल्ह्याच्या ठिकाणाहून यावं, हा अनुभव तालुक्याच्या माणसाला नवा नाही. तिथं निदान टिंब देऊन भागत नाही हे त्याला माहीत असतं. इथं भागतं.

आष्टीवरून आठवलं. महाराष्ट्रात आष्टी तालुके दोन. एक आपला, एक वर्ध्याचा. शिरूर तर तीन. आपलं कासार, लातूरचं अनंतपाळ आणि पुण्याचं घोडनदीचं. राज्याच्या फाइलीत नुसतं ‘शिरूर’ मागितलंत तर कुठला पाऊस मिळेल हे फाइल करणाराच जाणे. एक्सएमएलवाल्यांनी हे आधीच ओळखून नेमस्पेस नावाची सोय केली. टॅगला घराणं द्यायचं. पण त्यात मेख आहे. फाइलच्या डोक्यावर घराणं लिहिलेलं असेल आणि तुम्ही नुसता ‘तालुका’ मागितला, तर एक्सएमएल-टू शांतपणे सांगतं, शून्य सापडले. फाइल उघडून बघा, तालुके समोर बसलेले. पण तुम्ही घराण्याचं नाव घेतलं नाही ना, मग ते ओ देणार नाहीत. इतका मान तर गावात पाटलालाही राहिला नाही.

शेकडो पोरं इथं संध्याकाळ घालवतात. मग कुणीतरी सांगतं, एनएस-स्ट्रिप कर. म्हणजे घराणंच पुसून टाक. चालतं, लगेच चालतं. दोन वेगळ्या घराण्यांच्या फाइली एकत्र असतील तर मात्र पुसल्यावर कोण कुणाचा ते विचारायचं नाही. त्यापेक्षा एनएस ही आज्ञा द्या. ती कुणाचं घराणं काय ते यादी करून सांगते. यादी वाचायला अर्धं मिनिट लागतं.

नावांचं तर विचारूच नका. २०११च्या जनगणनेत आपला जिल्हा इंग्रजीत ‘बिड’ आहे. जुन्या कागदांत ‘भीर’. बाकी ठिकाणी ‘बीड’. केजचं स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या लहरीवर. बीडला शेजारी सहा जिल्हे, त्यातल्या तिघांची नावं दोन वर्षांत बदलली. २०२३ला छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, २०२४ला अहिल्यानगर. नावं बदलण्याबद्दल इथं काही म्हणायचं नाही, डोकं शाबूत पाहिजे. फक्त जुना तक्ता नव्याला जोडताना अर्धे शेजारी गायब होतात, एवढं ध्यानात असू द्या. आरच्या मंडळींनीही नावं बदलली. संकेतस्थळावरचे तक्ते उचलणारं त्यांचं आरव्हेस्ट पॅकेज आहे. त्यातल्या ‘नोड्स’चं त्यांनी २०२१मध्ये ‘एलिमेंट्स’ केलं. पण जुनं नाव अजून चालतं. जुन्या नावानं हाक मारली म्हणून कुणाच्या भावना दुखावत नाहीत.

नाव बदलताना आणखी एक खड्डा. तुम्हाला वाटतं, मूळ फाइल तशीच ठेवावी, एक प्रत काढावी आणि तिच्यात औरंगाबादचं संभाजीनगर करावं. आरमध्ये नेहमी असंच होतं, प्रत वेगळी, मूळ वेगळं. एक्सएमएल-टू मात्र त्याला अपवाद. तिथं ‘प्रत’ म्हणजे त्याच फाइलीकडे दाखवलेलं दुसरं बोट. प्रतीत बदल केला की मूळही बदललं, आणि २०११च्या जनगणनेत आपोआप २०२३चा निर्णय लागू झाला. मूळ शाबूत हवं असेल तर फाइल नव्यानं वाचून घ्या. इतिहास पूर्वलक्षी प्रभावानं बदलायचा असेल तर मग काहीच करू नका, पॅकेज आपसूक करून देतं.

बरं, सगळं जमलं. टिंब दिलं, घराणं लावलं, अकराला अकरा आले. आता आकडे म्हणून मोजायला घ्या. सगळे एनए.

का? कारण तक्ता मराठीत होता. त्यात ‘६५’ लिहिलं होतं, मराठी आकड्यांत. आरला तो आकडा दिसतच नाही, दिसतात दोन चित्रं. आधी मराठी अंकांचे इंग्रजी करून द्या, एका आज्ञेचं काम आहे, मग ती मोजेल. राज्याचा कारभार मराठीत व्हावा हे बरोबरच. तो झालाही. पण मराठी आकडा मोजायची जबाबदारी कुणावर, याचा शासन निर्णय अजून माझ्या वाचनात नाही. युनिकोड असेल तर एवढ्यावर भागतं. जुन्या फाँटात टंकलेलं असेल तर वडवणी इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन येते आणि तो कचरा आर अगदी प्रामाणिकपणे जपते.

मराठी आकडे सुधारले की उरतात तीन भावंडं. एक शून्य, एक आडवी रेघ आणि एक ‘निरंक’. सरकारी तक्त्यातला निरंक म्हणजे नेमकं काय? पाऊस पडला नाही, की पडला पण मोजला नाही, की मोजला पण कळवला नाही? तिन्हींचा अर्थ वेगळा आणि तिन्हींचे पैसे वेगळे. आरकडे निरंक गेलं की त्याचं एनए होतं. म्हणजे जिथं खरोखर थेंबही पडला नाही ते मंडळ आता ‘माहिती नाही’मध्ये गेलं. मग सरासरी काढताना एनए वगळायची आज्ञा सगळेच देतात. पुस्तकात तसंच असतं ना! कोरडी मंडळं सरासरीतून बाहेर, ओली तेवढी आत. जिल्ह्याचा सरासरी पाऊस लगेच सुधारतो. टँकर लागत नाहीत.

एक्सएमएलचं एक मात्र मानलं पाहिजे. ते उघडलेला टॅग बंद करायला लावतं. एक टॅग उघडा राहिला की वाचणारा अख्खी फाइल परत करतो. टॅलीच्या फाइलीत कधी कधी चार नंबरचं एक अदृश्य चिन्ह येतं. डोळ्यांना दिसत नाही, पण एक्सएमएलच्या नियमात ते बसत नाही, त्यामुळे सगळा हिशेब परत. एचटीएमएल तसं नाही, ते समजूतदार. अर्धवट टॅग असले तरी अंदाजानं पुरं करून घेतं. आपल्याकडची कामं एचटीएमएलच्या नियमानं उघडी राहतात आणि बिलं एक्सएमएलच्या नियमानं बंद होतात.

आता कुणी म्हणेल, तुम्ही यंत्रांच्या चुका काढताय. अजिबात नाही. आरनं सांगितलं तेच केलं. पर्जन्यमापक बंद पडलं हीसुद्धा चूक नाही, यंत्र आहे, बंद पडणारच. ‘महावेध’ची हवामान केंद्रं राज्यभर मंडळा-मंडळात दोन हजारांच्या वर उभी आहेत. त्यातली काही रोज रुसणार. माझी तक्रार त्या माणसाशी आहे, ज्यानं तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून वडवणीचा रिकामा रकाना काढून टाकला. वरिष्ठांना रिकामी जागा आवडत नाही. बैठकीत प्रश्न येतो. प्रश्न येऊ नये म्हणून जागाच काढली. सहा महिने ऊसतोडीला गेलेलं कुटुंब जसं गावच्या सर्वेक्षणात ‘घर बंद’ म्हणून आधी कोपऱ्यात आणि मग यादीबाहेर जातं, त्यातलाच हा प्रकार. दार बंद होतं हे लिहायला काय हरकत होती?

तेव्हा तक्ते करणाऱ्या साहेबांना हात जोडून एवढंच. नोंद नसेल तर ‘नोंद नाही’ असं लिहा, कारणासकट लिहा, पण तालुक्याचा आणि मंडळाचा टॅग जागेवर राहू द्या. शून्य पडला असेल तिथं शून्य लिहा. निरंक बंद करा.

आणि आर शिकणाऱ्या पोरांनो, कोड चालला म्हणून उड्या मारू नका. आधी तालुके शोधा, मग त्यांच्या पोटात पाऊस शोधा, टिंब विसरू नका, आणि दर पायरीला लांबी मोजा. दहा आले तर तक्ता तिथंच थांबवा आणि वडवणीला फोन करा.

अंबाजोगाईच्या पोरानं शेवटी फोन लावला. पर्जन्यमापकाची बॅटरी उतरली होती.

त्याच्या तक्त्यात आता वडवणीपुढे एनए आहे.

धारूरला ७० आहे.

त्यानं तो तक्ता पुढे पाठवला. उलट विचारणा आली, की वडवणीचा रकाना रिकामा का, भरून पाठवा.

त्यानं भरला नाही. तुम्हीही भरू नका.